पाच रिकामी नावं

तो खरं तर चौथ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरकडे निघाला होता. लिफ्ट आमच्या तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि काही केल्या बंद होईना. तेव्हा तो एका हाताने गाल धरून बाहेर आला, आणि समोर आमच्या ऑफिसची पाटी दिसली — ‘वेबसाइटच्या नावांची नोंदणी. आत या.’

तो आत आला.

मी मान वर केली. केसांत भुरभुर पावसाचे थेंब, बाहीला सुकलेल्या खळीचे पापुद्रे, आणि गाल सुजल्यामुळे एकाच बाजूने आलेलं हसू.

“इथे नावं मिळतात?”

“मिळतात. मोकळी असली तर.”

“मग बघू या. मी दिव्यांच्या छत्र्या करतो, कागदाच्या. गिऱ्हाइकं सारखी विचारतात, वेबसाइट नाही का तुमची? तुम्ही जरा मोठ्याने बोलाल का? दात दुखला की कानही कमी काम करतो.”

“हा माझा मोठाच आवाज आहे,” मी म्हटलं.

मागच्या काचेच्या केबिनमधून मोठ्या बाई खुदकन हसल्या. त्या आमच्या साहेब. “तिला ऑफिसात आम्ही कुजबुज म्हणतो,” त्यांनी आतूनच सांगून टाकलं.

त्याने माझ्या टेबलासमोरच्या दोन्ही खुर्च्या ओढल्या. एकीवर बसला. दुसरी तशीच राहिली, जराशी तिरकी, कुणाला बसता यावं इतकी बाहेर.

“अजून कुणी येतंय?”

त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं, जणू ती त्याला आत्ताच दिसली. “नाही... सवय आहे. कशाची कोण जाणे!”

तो नाव सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी हात वर करून त्याला थांबवलं. आमच्याकडे नाव मोठ्याने बोलत नाहीत. पूर्वी एका बाईंनी याच टेबलासमोर आपल्या बेकरीचं नाव उच्चारलं आणि मागे रांगेतल्या माणसाने ते जिना उतरता उतरता फोनवरून स्वतःच्या नावावर करून घेतलं. तेव्हापासून मोठ्या बाईंचा नियम — नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पालथी सरकवायची, आणि नोंद होईपर्यंत कुणीही ते तोंडातून काढायचं नाही.

त्याने डाव्या हाताने लिहिलं. चिठ्ठी पालथी केली. सरकवताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं... आणि मी उगाचच टाचण्यांची डबी नीट लावली.

चिठ्ठीत एकच शब्द होता — हळूउजेड.

सुंदर नाव. माझ्या मनात आलं, हे कुणी घेतलं नसावं. मी टाइप केलं. लाल अक्षरं आली.

“घेतलेलं आहे.”

“कुणी? काय विकतात ते?”

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला आणि ते पान उघडलं. कोरं पांढरं. नाव नाही, चित्र नाही, एक रेघसुद्धा नाही.

“इथे तर कुणीच नाही,” तो म्हणाला.

“रिकामं आहे. मोकळं नाही.”

“म्हणजे काय?”

मग मोठ्या बाईच चष्मा कपाळावर सारत बाहेर आल्या. हा प्रश्न त्यांचा आवडता. “असं बघा, जागा घेऊन पडीक ठेवणारे असतात की नाही, तसे इथेही असतात. कुणी यंत्राकडून शब्दकोश चाळून चांगले शब्द हजारांनी उचलतं, कधीतरी गिऱ्हाईक येईल म्हणून. कुणी आपल्या नावाच्या आजूबाजूची नावं घेऊन ठेवतं, दुसऱ्याने घेऊ नयेत म्हणून. कुणी रविवारी दुपारी मोठ्या हौसेने घेतं आणि सोमवारी विसरतं. आणि काहीजण...” त्यांनी कपाळावरचा चष्मा हातात घेतला. “काहीजण असतच नाहीत हो आता. माणूस जातो, नावाची मुदत मात्र चालू राहते. मुदत संपेपर्यंत ते त्याचंच.”

“म्हणजे भुताचं घर,” तो हसत म्हणाला.

कुणी हसलं नाही म्हणून तोही थांबला. स्क्रीनवरचा पांढरा उजेड त्याच्या सुजलेल्या गालावर पडला होता. त्याने जाताना ते पान पुन्हा एकदा वाकून बघितलं, खिडकीला कपाळ टेकून बघावं तसं.

“पुढच्या बुधवारी दुसरं नाव आणतो, कुजबुजबाई. बुधवारी माझं दुकान बंद असतं.”

“दात?” मी विचारलं.

“अरे हो... दात!” आणि तो जिन्याकडे पळाला.

*

दुसऱ्या बुधवारी त्याने ‘विझूनको’ आणलं. तिसऱ्या बुधवारी ‘सावलीघर’. दोन्ही घेतलेली. दोन्ही पानं पांढरी.

“माझ्या डोक्यात कुणी भाडेकरू राहतो की काय?” तो म्हणाला. “मला सुचायच्या आत पळवतो.”

“सुचतात कशी तुम्हाला?”

“सुचत नाहीत. कागद चिकटवत असतो, हात खळीत, आणि शब्द येऊन बसतो. मी कुठे बोलवायला जातो?” मग माझ्याकडे बघून, आवाज अगदी माझ्याइतका खाली आणून — “सगळंच काही बोलवून येत नाही.”

मी लाजले, हे मोठ्या बाईंना काचेतूनही दिसलं असणार.

तो गेल्यावर मी तिन्ही नावांच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. मालकाचं नाव झाकलेलं असतं, पण तारीख झाकत नाहीत. हळूउजेड, सात वर्षांपूर्वीची एक दुपार, चार वाजून दहा मिनिटं. विझूनको, तोच दिवस, चार चौदा. सावलीघर, चार एकोणीस. तिन्ही दहा दहा वर्षांसाठी. त्याहून जास्त मुदत मिळत नाही.

मी खुर्ची मागे सरकवली. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुणीतरी जिन्यात मोठ्याने फोनवर भांडत होतं. आणि माझ्या हातांवर काटा उभा होता. सात वर्षांपूर्वी कुणीतरी पाच-पाच मिनिटं थांबून, विचार करून, हीच नावं घेतली होती... ह्याच क्रमाने.

झाकलेल्या मालकाला पत्र पाठवायची सोय असते. पत्र जातं, कुणाला गेलं ते आपल्याला कळत नाही. तिन्ही नावांसाठी मी नेहमीचा मजकूर पाठवला — ‘आपल्याकडील नावात एका ग्राहकाला रस आहे. आपण द्यायला तयार आहात का?’

पाव तासात उत्तर आलं. खाली सही नव्हती.

‘मागणारा डावखुरा आहे का?’

मी दोनदा वाचलं. मग नियमाप्रमाणे लिहिलं, ‘ग्राहकाची माहिती देता येत नाही.’

संध्याकाळी मी आवरायला घेतलं तेव्हा दुसरं आलं होतं.

‘अजून शेवटच्या अक्षराखाली टिंब देतो का?’

मी खण उघडला. तीन चिठ्ठ्या काढून टेबलावर सरळ केल्या. ‘ड’च्या खाली टिंब. ‘को’च्या खाली टिंब. ‘र’च्या खाली टिंब. बारीकसं, पेन टेकवून जरा विसावल्यासारखं. तीन आठवडे मी त्या चिठ्ठ्या बघत होते — खरं सांगते, गरजेपेक्षा जास्तच बघत होते — आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सकाळी देवापुढे हात जोडताना मी रोज एकच मागते, आज माझ्या तोंडून खोटं जाऊ नये. गेली कित्येक वर्षं हा नेम आहे. त्या दिवशी तोंडून काहीच गेलं नाही. पण त्याला फोन करून सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. कुणीतरी त्याला ओळखत होतं. माझ्याहून आधीपासून, माझ्याहून जवळून. आणि ते त्याला सांगितलं की बुधवार संपले.

*

चौथ्या बुधवारी तो नवा शर्ट घालून आला. चिठ्ठीत ‘पलीकडचीखिडकी’. मी टाइप करण्याआधीच मला लाल अक्षरं दिसत होती. चार वाजून पंचवीस मिनिटं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “मला वाटतं मी नावासाठी येतच नाही.”

“मग?”

“लिफ्ट बिघडली ते बरं झालं, एवढंच.” तो पेन फिरवत राहिला. “दात काढायला गेलो ना, डॉक्टर विचारत होते, याआधी कधी भूल घेतली होती? मी म्हटलं, माहीत नाही. ते हसले. पण मला खरंच माहीत नाही. चोविसावं वर्ष मला आठवतच नाही.”

“म्हणजे... अजिबात?”

“बस उलटली होती. डोक्याला मार. शुद्धीवर आलो तेव्हा मागचं अख्खं वर्ष गेलेलं. ताई म्हणते, काही विशेष नव्हतं रे त्या वर्षात, नुसता कागद कापत बसायचास.” त्याने खांदे उडवले. “पण कधी कधी दुकानात दोन कप काढतो. एकटाच असतो, तरी. मग दुसरा कप परत ठेवताना वाटतं, कुणाचा तरी अपमान करतोय.”

त्याच्या शेजारची खुर्ची नेहमीसारखी तिरकी ओढलेली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

“तुम्ही घाबरलात?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढं एक खोटं माझ्या नावावर लागलं.

तो गेल्यावर मी चौथ्या नावासाठी पत्र पाठवलं. उत्तर आलं — ‘चार झाली तर. पाचवं दोनवाती असेल. ते आणलं की मी स्वतः येते.’

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. रोज ते पाचवं नाव टाइप करून बघावंसं वाटायचं, आणि बोटं मागे यायची. प्रत्येक सकाळी मागायचं, त्याला वेगळंच काहीतरी सुचू दे. काहीही. अगदी कुणीही घेणार नाही असं भिकार नाव सुचू दे.

पाचव्या बुधवारी तो आला, बसला, लिहिलं, चिठ्ठी पालथी केली. पण सरकवली नाही. तळहाताखाली धरून ठेवली.

“आज हे मिळालं नाही तर तुमच्या ऑफिसचा नाद सोडणार. आणि मग बुधवारी तुम्हाला बाहेर भेटावं लागेल. चालेल?”

चालेल, म्हणायचं होतं. कितीतरी म्हणायचं होतं. मी नुसता हात पुढे केला. चिठ्ठी उलटली.

दोनवाती. खाली टिंब.

“घेतलेलं आहे,” मी म्हटलं.

तो हसला नाही. “तुम्ही टाइपच केलं नाहीत.”

माझे हात टेबलावर होते, कीबोर्डपासून वीतभर लांब. आम्हा नोंदणीवाल्यांकडून अशी चूक कधी होत नाही. शोधल्याशिवाय ‘घेतलेलं’ म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

“कुजबुज,” तो हळूच म्हणाला, ‘बाई’ गळून पडलं होतं. “तुला आधीच माहीत होतं. कसं?”

मी चिठ्ठी परत पालथी केली. तो उठला. दारातून वळून बघितलं, माझ्याकडे नव्हे, त्या दुसऱ्या खुर्चीकडे. आणि गेला.

*

पाचव्या नावासाठीचं पत्र मी त्याच संध्याकाळी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर त्याचंच कपाळ. आल्या आल्या तिने तिरकी खुर्ची पाहिली आणि तिच्यावर न बसता दुसरीवर बसली.

“मी त्याची ताई,” ती म्हणाली. “पत्रं मला येतात.”

“तुम्ही घेतलीत ती नावं?”

“मी नाही गं. तिने.”

पिशवीतून तिने एक जुना फोन काढला. काचेला कोपऱ्यात तडा. पण फोन चालू होता, पूर्ण चार्ज केलेला.

“माझ्याच घरी, खिडकीत बसून ठरवली दोघांनी. लग्नाचं पक्कं होत आलं होतं. दुकान दोघांचं निघायचं होतं. तो नाव लिहायचा, ती फोनवर घ्यायची. मी म्हटलं, अगं एक पुरे की! तर म्हणे, ताई, चांगलं नाव समोर आलं की सोडवत नाही. पाच घेतली.” ती फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत होती. “पुढल्या महिन्यात ती बस. तो वाचला. जागा झाला आणि तिचं नावसुद्धा विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, जोर करू नका, आपोआप आलं तर येईल. आलं नाही. आणि मीही... काढलं नाही. तिच्या आईने हा फोन माझ्याकडे दिला, म्हणाली, मला बघवत नाही. मी रोज चार्ज करते. बंद पडला तर तिला निरोप यायचे बंद होतील, असं काहीतरी वेड्यासारखं वाटतं.”

बाहेर लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं. कुणी आलं नाही.

“आता ऐक. गेल्या सात वर्षांत तो बुधवारी दाढी करून कुठे गेलेला मला आठवत नाही. परवा आरशासमोर शिट्टी वाजवत होता. मी म्हटलं, कोण आहे रे? तर म्हणतो, आहे एक, बोलते ते ऐकायला जवळ जावं लागतं.” तिचे डोळे भरले आणि त्यातच ती हसली. “तर तू सांगू नकोस. मी ही नावं आजच रद्द करते. महिना-सव्वा महिन्यात मोकळी होतील ना? मग तू त्याला दे. तुझ्या हातून. खोटं बोलायला नको, काही नको. त्याला कळणारही नाही. हात जोडते बाई तुझ्यापुढे.”

तिने खरंच हात जोडले. मी ते धरले.

काय सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसणं तर मला जन्मापासून जमतं. त्याला नाव मिळालं असतं, मला तो.

“एक विचारू?” मी म्हटलं. “त्या टिंबाचं तुम्हाला कसं लक्षात राहिलं इतकी वर्षं?”

“कसलं टिंब?”

“तुम्ही लिहिलं होतंत. अजून शेवटच्या अक्षराखाली टिंब देतो का म्हणून.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. पत्रांची यादी काढून मला दाखवली. पाठवलेली दोनच होती. डावखुरा आहे का, आणि पाचव्या नावाचं. “मी दोनच पाठवली,” ती म्हणाली. “तो टिंब देतो? मला नाही बाई माहीत.”

आम्ही दोघी त्या तिरक्या खुर्चीकडे न बघता बसून राहिलो. माझ्या फाईलमध्ये तीन उत्तरं आहेत. आजही आहेत.

निघताना ताईने विचारलं, “मग? रद्द करू?”

“नको,” मी म्हटलं. “आधी मी त्याला सांगते.”

“गेला तर?”

“तर गेला,” मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका लहान झाला की ताईला तो ऐकायला जवळ वाकावं लागलं.

*

बुधवारी तो येईल की नाही, धाकधूक होती. आला. दाढी वाढलेली, कोरडा.

“सांग,” म्हणाला.

मी नियम मोडला. पाच चिठ्ठ्या त्याच्यासमोर मांडल्या आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं. “हळूउजेड.”

तोवर ते नाव आमच्यातल्या कुणीच उच्चारलं नव्हतं. नुसतं कागदावरून कागदावर गेलं होतं. ऐकताच तो झटकन मागे वळला, कुणी हाक मारल्यासारखा. मागे भिंत होती, कॅलेंडर होतं. तो तसाच वळून बघत राहिला, आणि त्याच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगितलं. दुपार, खिडकी, फोन, बस. ताईला दोष लागू नये असं सांगितलं. पत्रं तीन आठवडे मी लपवली तेही सांगितलं.

“का लपवलीस?”

“तू यायचा बंद होशील म्हणून.”

भिंतीकडेच बघत तो म्हणाला, “उंच होती का ती?”

“मला माहीत नाही.”

“मलाही माहीत नाही,” तो म्हणाला. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी त्याला हात लावला नाही. तो हक्क त्या क्षणी माझा नव्हता. मोठ्या बाईंनी केबिनचा पडदा ओढून घेतला.

पुढचा बुधवार आला, गेला. त्याच्या पुढचाही. चार बुधवार मी गिऱ्हाइकांना नावं शोधून दिली — घेतलेलं, घेतलेलं, मोकळं, घेतलेलं. मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, “अगं, जरा जेवत जा. तुझा आवाज आधीच नाही, आता तू पण दिसेनाशी होशील.” संध्याकाळी घरी निघण्याआधी मी ते पहिलं पान उघडून बघायची. पांढरं. पण आता भीती वाटायची नाही. मी म्हणायची, तो बरा आहे ना? बघ हं त्याच्याकडे. कोण ऐकतंय कुणास ठाऊक... सवयच लागली.

पाचव्या बुधवारी, सकाळी अकराला, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली.

तो आत आला. एक खुर्ची ओढली. एकच.

“तिचे सगळे निरोप वाचले,” तो म्हणाला. “महिना लागला. खूप चिडवायची मला. टिंबावरून, वेंधळेपणावरून.” मग बोटांकडे बघत, “छान होती गं. मला आवडली असती.”

मला रडू आलं. त्याला नाही आलं, त्याचं बहुतेक संपलं होतं.

“काही आठवलं?”

“नाही. एकदासुद्धा नाही. नुसती ओळख झाली.” त्याने श्वास घेतला. “ती पाच नावं रद्द करायची नाहीत. मुदत संपली की वाढवायची. रिकामीच राहू देत. कुणी उघडून म्हणेल, इथे कुणीच नाही, तर म्हणू दे.”

“राहू देत,” मी म्हटलं.

“पण दुकानाला नाव हवंय. आणि माझी पंचाईत अशी आहे की मला काहीही सुचलं तरी ते माझं आहे की तिचं, मला कळणार नाही. आता माझ्या डोक्यावर माझा विश्वास नाही.” त्याने पेन उचललं, माझ्यासमोर ठेवलं. “तू सुचव.”

आम्ही कधी नाव सुचवत नाही. गिऱ्हाइकाने आणायचं, आम्ही शोधायचं. मी काचेकडे पाहिलं. मोठ्या बाई कुठल्याशा फाईलमध्ये इतक्या बुडाल्या होत्या की फाईल उलटी धरली आहे हेही त्यांना समजलं नव्हतं.

मी बराच वेळ विचार केला. मग एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी पालथी करून सरकवली. त्याने उलटली. ओठ हलवून वाचली — उद्याचाकागद.

“हे मी आधी कुठे ऐकलेलं नाही ना?”

“मला नाही वाटत.”

“शोध.”

मी टाइप केलं. छोटं चाक फिरायला लागलं. इतका वेळ कधी लागत नाही. आम्ही दोघं वाकून बघत होतो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून. कुणी आधीच, सात वर्षांपूर्वी, चार वाजून तीस मिनिटांनी...

हिरवी अक्षरं आली. मोकळं.

त्याने श्वास सोडला तो माझ्या गालावर जाणवला. “घे. किती वर्षं मिळतात?”

“एकदम दहा. त्याहून जास्त देत नाहीत.”

“आणि दहा वर्षांनी?”

“पुन्हा यावं लागतं.”

“एकट्याने?”

“...तसा काही नियम नाही.”

“मग दोघं येऊ,” तो म्हणाला, अगदी साधेपणाने, जसं कुणी उद्या भाजी आणू म्हणतं. मी मान खाली घातली, आणि मान खालीच ठेवून हलवली — हो.

फॉर्म उघडला. पहिलाच रकाना, मालकाचं नाव. मी त्याचं नाव टाइप करायला लागले, तर त्याने माझं मनगट धरलं.

“तुझं लिही.”

“अरे, दुकान तुझं आहे!”

“मी विसरू शकतो,” तो म्हणाला. “एकदा विसरलोय. पुन्हा काही झालं आणि मी तुझ्यासमोर येऊन विचारलं, हे नाव मोकळं आहे का... तर गप्प बसू नकोस. मला आत घे.”

रकान्यात रेघ लुकलुकत होती. कधीतरी एका दुपारी, एका खिडकीत, त्या मुलीलाही तो हसत हेच म्हणाला असेल, तुझं लिही. आणि तिने लिहिलं असेल, सहज, काही न वाटता, पुढे अख्खं आयुष्य असल्यासारखं. मला ते सगळं माहीत होतं. माझी बोटं गार पडली होती, आणि त्याचा हात अजून माझ्या मनगटावर होता, ऊबदार, जिवंत.

मी माझं नाव लिहिलं.